शेतकऱ्याचें ताट व हृद्रोग

हृद्रोग हा गादीवर बसणाऱ्यांचा विकार, अशी आमच्या भागांतील जुनी समजूत. आमचीही तीच होती. महसूल खात्यांतून निवृत्त होऊन शेतीकडे पाहूं लागल्यावर एके दिवशीं बांधावर चालतांना छातींत कळ आली व डाव्या हातांत उतरली. त्याच दिवशीं रुग्णालय गांठलें, म्हणून हें लिहीत आहों. डॉक्टरांनीं विचारलें, घरांत महिन्यास मीठ व तेल किती लागतें ? आम्हांस सांगतां येईना. जन्मभर दुसऱ्यांच्या पिकांच्या नोंदी केल्या, पण स्वतःच्या चुलीचा हिशेब ठाऊक नव्हता !

तो मग मांडला. माणसें पांच, मीठ दीड किलो. म्हणजे माणशीं रोज १० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमांहून कमी सांगते. बाजारचें लोणचें, पापड व सांगलीचें भडंग यांतील मीठ याखेरीज. अधिक मिठानें रक्तदाब चढतो, चढा दाब रक्तवाहिनीच्या आंतील अस्तरास इजा करितो, आणि तेथेंच मेद सांचून वाट अरुंद होते.

तेलाची गोष्ट शेतकऱ्यास अधिक जवळची आहे. माण, खटाव, जत, आटपाडी या कोरडवाहू तालुक्यांत शाळूबरोबर करडई पेरीत व घाण्याचें तेल घरीं येई. घट्ट मेदाऐवजीं हें तेल खाल्ल्यास रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल उतरतें. टेंभू व म्हैसाळ योजनांचें पाणी पोहोंचलें तेथें ऊंस व द्राक्षें आलीं. त्याविषयीं तक्रार नाहीं, चार पैसे दिसले. परंतु करडई मागें पडली, आणि कार्यप्रसंगीं वनस्पति तूप आलें. तेलांत हायड्रोजन मिसळून तें गोठवितांना ‘ट्रान्स’ नांवाचा मेद उत्पन्न होतो. तो वाईट कोलेस्टेरॉल वाढवितो व चांगलें घटवितो. १ जानेवारी २०२२ पासून कायद्यानें त्याचें प्रमाण शेंकडा २ वर आणिलें आहे. तरी वनस्पतींतील घट्ट मेद राहतोच, आणि फरसाणाच्या कढईंतील पुनःपुन्हां तापविलेलें तेल निराळेंच. घरचें साजूक तूप कितीही चालतें, हें मतही आम्हांस मान्य नाहीं, चमचाभर पुरे.

भाकरी, मटकी, हुलगा, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे हें आपलेंच अन्न हृदयास मानवतें. मात्र तें खाऊन वर तंबाखू मळणाऱ्यास त्याचा उपयोग थोडा.

सध्यां आमच्या घरीं पहिल्या तारखेस पाऊण किलो मीठ बरणींत भरून ठेवितात. गेल्या महिन्यांत तें २३ तारखेसच संपलें.