अंडे बाहेरून स्वच्छ, आत मात्र जंतू

अन्नातून विषबाधा करणाऱ्या साल्मोनेला जंतूचा 'एन्टरिटिडिस' हा एक प्रकार आहे. तो कोंबडीच्या अंडाशयात राहू शकतो. कोंबडी धडधाकट दिसते, पण कवच तयार होण्यापूर्वीच जंतू अंड्यात शिरतो. म्हणून असे अंडे नुसते धुऊन भागत नाही.

१९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये या जंतूमुळे अनेकांना ताप, जुलाब व पोटदुखीचा त्रास झाला. डिसेंबर १९८८ मध्ये कनिष्ठ आरोग्यमंत्री एडविना करी यांनी देशातील बहुतेक अंड्यांचे उत्पादन दूषित असल्याचे सांगितले. विधान अतिशयोक्त होते. अंड्यांचा खप घसरला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. धोका मात्र खरा होता. १९९८ पासून तेथे कोंबड्यांना लस देण्याची मोठी योजना सुरू झाली व रुग्ण पुष्कळ घटले.

पालकांना आमची विनंती आहे, की डब्यात अंडे देताना बलक घट्ट होईपर्यंत उकडावे. कच्चे अंडे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. लहान मुले व वृद्धांना हा आजार जास्त बाधतो.

विचार करा : धुतलेले अंडेही नीट का शिजवावे?