लॉनवाल्याला आधी कुदळ मारायला लावा

"भाऊ, तुमची मातीच खराब हाये, माह्या लॉनचा काय दोष?" सगळे पैसे खिशात घातल्यावर ठेकेदाराला हा शोध लागला. धामणगावच्या याच मातीत पऱ्हाटी येते, तूर येते, सोयाबीन येतं. आणि लॉन म्हणजे शेवटी हरळीच, जी वावरातून जावी म्हणून आपण भर उन्हात खोल नांगरटी करतो!

बोलणं स्पष्ट झालं होतं. वीतभर काळी माती काढायची, मुरूम टाकायचा, वर वाळू, लाल माती आणि कुजलेलं शेणखत, मग 'सिलेक्शन वन'चं कार्पेट. आम्ही लग्नासाठी बाहेरगावी गेलो. परतलो तर अंगण हिरवंगार. उरलेली रक्कम त्याच दिवशी दिली.

पाऊस लागला आणि पोळ्यापर्यंत लॉन पिवळं पडलं. फोन केला, तर "पानी जास्त झालं तुमचं." दिवाळीनंतर म्हणाला, "पानी कमी पडून रायलं, युरिया मारा." मग, "घरचे लोक चपला घालून चालत असतीन." म्हणजे लॉन मेलं ते आमच्या चपलांनी!

शेवटी एक पिवळा कोपरा धरून ओढला. अख्खं कार्पेट हातात आलं. नर्सरीतली बोटभर लाल माती तशीच चिकटलेली, खाली एकही मूळ गेलेलं नाही. त्याखाली काय, तर घराच्या बांधकामाचा मलबा: विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, गुटख्याच्या पुड्या. मुरूम औषधालाही नाही. त्याला बोलावून दाखवलं. त्यानं बुटाच्या टोकानं वीट उलटवली आणि म्हणाला, "हे तर मिस्त्र्याचं काम हाये." बिलावर त्यानं फक्त 'लॉन काम' लिहिलं होतं, तेवढंच दाखवून निघून गेला.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या भाच्यानं मग नीट समजावलं. काळी माती भिजली की फुगते, तिच्यात पाणी तुंबून मुळं गुदमरतात. उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात आणि मुळं तुटतात. म्हणून खालचा निचरा आणि घरापासून बाहेर जाणारा उतार, हेच खरं लॉनचं काम. गवत अंथरणं सोपं आहे.

तेव्हा कार्पेट येण्याआधी अंगणात दोन-तीन जागी कुदळ मारून पाहा. मुरूम-वाळूची ट्रॉली तुमच्या डोळ्यांसमोर रिकामी होऊ द्या. शेणखत कच्चं असेल तर परत पाठवा. त्यातून हुमणी येते आणि मुळं खाते. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात राहत असाल तर आधी पाणी तपासून घ्या.

कार्पेटमध्ये लव्हाळा आहे का, ते बघा. दांडा बोटांत फिरवा. तिधारी लागला तर लव्हाळाच. तो उपटू नका, गाठ जमिनीत राहते आणि पुन्हा फुटते. माती ओली असताना खुरप्यानं गाठीसकट काढा. ग्लायफोसेट मारलं तर लॉनही जाईल. रुंद पानांच्या तणासाठी कुणी टू-फोर-डी सुचवेल, पण जवळ कपाशी असेल तर हात लावू नका. त्याच्या नुसत्या उडालेल्या फवाऱ्यानं कपाशीची पानं भेंडीसारखी होतात आणि मग शेजाऱ्याशी भांडण.

पाणी सकाळी द्या, रोज शिंपडण्यापेक्षा अंतरानं पण भरपूर द्या. चालून गेल्यावर गवत पुन्हा उभं राहत नसेल तर ते तहानलेलं आहे, असं समजा. कापताना उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त काढू नका, उन्हाळ्यात जरा उंचच ठेवा. ओल्या मातीवर मशीन फिरवू नका, जमीन दबते. कडुनिंबाच्या दाट सावलीत हरळीचा हट्ट सोडा. बाकी नियमित निगा राखा, तण वाढू देऊ नका, हे सगळेच सांगतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बिलावर मुरूम किती, वाळू किती, खोदाई किती, हे लिहून घ्या. शेवटचा हप्ता पोळा झाल्यावर द्या. एक पावसाळा थांबायला जो ठेकेदार तयार नसेल, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.