सेल गळलेला काट्याचा मीटर: आधी उघडा, मग भाव सांगा

घाटनांदूरसारख्या गावात रिपेअरिंगचं छोटं काम सुरू करायचं म्हणताय? मग हा धडा नीट वाचा. आपलं स्टेशनचं गाव. एका अंगाला परळी, दुसऱ्या अंगाला लातूर रोड. मोटार रिवाइंडिंगवाले आणि जुने वायरमन यांच्या कपाटात काट्याचे मीटर पडून असतात. नाशिकचा मोटवाने, एखादा सान्वा, क्वचित इंग्लंडचा एव्हो मॉडेल ८. टाकून द्यायला जीव होत नाही, आणि आत सेलला पाणी सुटलेलं असतं.

गिऱ्हाईक विचारतं, "किती घेणार?" उघडल्याशिवाय आकडा सांगायचा नाही. तपासणीचे थोडे पैसे वेगळे ठेवा आणि ते आधीच सांगा.

सेल गळला म्हणजे मीटर मेला असं नाही. काट्याच्या मीटरमध्ये सेल लागतो तो ओहम मोजायला. व्होल्ट मोजताना काटा बाहेरच्या करंटवर हलतो. म्हणून गळलेला सेल काढा आणि ९ व्होल्टची चांगली बॅटरी डीसी रेंजवर मोजून बघा. काटा बरोबर जागी गेला तर कामात दम आहे. हललाच नाही आणि आतली कॉइल तुटलेली निघाली, तर मी तरी असा मीटर सुट्या भागांसाठीच घेईन. ही तपासणी घरच्या २३० व्होल्टवर करू नका. गळलेलं पाणी वीज वाहून नेतं.

आता सफाई. हातमोजे आणि चष्मा घाला. साधा कार्बन-झिंक सेल असेल तर गळती आम्लधर्मी असते, तिथे खायच्या सोड्याचं पाणी. अल्कलाइन असेल तर उलट, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. ओतायचं नाही, कापसाच्या काडीने लावायचं. मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण सुकवणं. घासायच्या आधी काट्याचा भाग काढून पिशवीत बंद करा. त्यात चुंबक असतं. स्प्रिंगच्या गंजाचा एक कण आत चिकटला की काटा अडकलाच.

नवीन माणूस इथे थांबतो. स्प्रिंग चमकली, मीटर चालला, दिला! पावसाळ्यात तोच मीटर परत येतो, कारण क्षार वायरच्या प्लॅस्टिकखालून पुढे सरकलेला असतो आणि दमट हवेत पुन्हा ओलावा धरतो. वायर सोलून बघा. तांबं काळं असेल तर सोल्डर धरणार नाही. वायर सरळ बदला, दोन-चार रुपयांसाठी जीव काढू नका. बोर्डावरची पट्टी तुटली असेल तर वरून बारीक तांब्याची तार जोडा.

काम झालं की नाही हे कसं कळणार? नवीन सेल टाका, सगळ्यात खालची ओहम रेंज लावा, दोन्ही पिना एकमेकींना टेकवा आणि काटा शून्यावर आणा. या रेंजला सेलमधून सगळ्यात जास्त करंट जातो, म्हणून कुठे दोन-चार ओहम राहिले तरी काटा शून्याआधीच थांबतो. स्प्रिंगला टिचकी मारल्यावर काटा थरथरला तर जोड अजून कच्चा आहे.

एव्होला १५ व्होल्टची एक बॅटरीही लागते. ती दुकानात सहज मिळत नाही. ३ व्होल्टचे पाच बटण सेल सिरीजमध्ये लावून काम भागतं.

आणि आता खरी जबाबदारी. हा मीटर शेतकऱ्याच्या थ्री फेज स्टार्टरवर लागणार आहे. काटा हलला नाही म्हणून वायरमन "लाइन बंद" समजून हात घालेल. म्हणून देण्याआधी प्रत्येक व्होल्ट रेंज चांगल्या डिजिटल मीटरशी ताडून बघा, फ्यूज आणि लीड तपासा. गळती सिलेक्टर स्विचपर्यंत गेली असेल आणि तिथे काळे डाग उरले असतील, तर तो मीटर लाइनच्या कामाला देऊ नका. बिलावर लिहा: "फक्त बॅटरी व कमी व्होल्टसाठी". गिऱ्हाईक कुरकुरलं तरी लिहाच.

भावाचं गणित: समजा साहित्य ६० रुपये आणि वेळ दोन तास. तुमच्या दोन तासांची किंमत ३०० रुपये धरली तर ३६० च्या खाली काम परवडत नाही. तेवढ्यात साधा डिजिटल मीटर मिळत असेल तर गिऱ्हाइकाला तसं तोंडावर सांगा. मोटवाने किंवा एव्होचा मालक बहुतेक वेळा तरीही दुरुस्तच कर म्हणतो.