इलेक्ट्रिकल मिळतंय, घेऊ का?

निकाल लागले की नगर जिल्ह्यातल्या पालकांचे तीन प्रश्न ठरलेले असतात. कॉम्प्युटर मिळत नाही, इलेक्ट्रिकल मिळतंय, तर घेऊ का? पुढे एमएससाठी अमेरिकेला पाठवावं का? आणि तिकडे गेलेलं पोरगं परत येईल का? या तिन्ही प्रश्नांवर बोलायला कायनेटिकचे अरुण फिरोदिया यांचं उदाहरण आपल्या गावातच आहे.

फिरोदिया हे मूळचं मारवाडी जैन, पण नगरमध्ये मुरलेलं घराणं. अरुण यांचे आजोबा कुंदनमल वकील आणि स्वातंत्र्यसैनिक. १९४६ ते १९५२ या काळात ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांच्या मुलांपैकी नवलमल यांनी १९५८मध्ये बजाज टेम्पो उभी केली, तर हस्तीमल यांनी पुढे कायनेटिक. हस्तीमल यांचे चिरंजीव अरुण हे आयआयटी मुंबईचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. तिथून ते अमेरिकेत एमआयटीला गेले, मॅनेजमेंटही शिकले आणि परत आले. १९७२मध्ये नगरच्या कारखान्यातून लुना ही मोपेड बाहेर पडली.

स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचा तो काळ. लुना पन्नास सीसीची, वजनाला हलकी. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी यायची सोय. दुधाचे कॅन, भाजीच्या पिशव्या, पुढे उभं केलेलं पोर, सगळं तिच्यावर मावायचं. आता गंमत बघा. या गाडीत इलेक्ट्रिकलचं असं होतं किती? मॅग्नेटो, स्पार्क प्लग आणि दिवा. इलेक्ट्रिकल इंजिनिअरचं नाव झालं ते पेट्रोलच्या गाडीनं. उलट, त्यांची मुलगी सुलज्जा फिरोदिया-मोटवानी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलनमधून एमबीए करून आली आणि आज कायनेटिक ग्रीनमधून विजेवरच्या गाड्या बनवते. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेली ई-लुना त्यांचीच.

चार पिढ्यांत वकिली, वाहनउद्योग, इलेक्ट्रिकल आणि मॅनेजमेंट असे फाटे फुटले. वडिलांचीच शाखा मुलानं घ्यावी, असा आग्रह इथे दिसत नाही. शिकायला लांब जायचं आणि आपल्या भागातल्या माणसाला परवडेल, उपयोगी पडेल असं काही करायचं, एवढं मात्र पुढे चालत राहिलं. पालकांनी घ्यायचा वारसा तो हा. यावर कुणी म्हणेल, त्यांच्या पाठीशी कारखाना होता, आमच्याकडे दोन एकर जमीन आणि पतसंस्थेचा हप्ता आहे. बरोबर आहे. म्हणूनच त्यांच्या आयुष्याची नक्कल न करता आपल्या ऐपतीत बसेल ती वाट निवडायची.

आधी शाखेचं बोलू. बॅटरीवरच्या दुचाकीत मुख्य भाग तीन: मोटर, तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर आणि बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा. सौरपंप, इन्व्हर्टर, कारखान्यातलं ऑटोमेशन ही कामंही याच विषयांवर उभी आहेत. त्यामुळे इलेक्ट्रिकल म्हणजे फक्त महावितरणची भरती, हा समज सोडा. ती वाट चांगलीच आहे, पण एकमेव नाही. शिवाय सी आणि पायथॉन शिकायला या शाखेत कुणी अडवत नाही, आणि मोटर ड्राइव्हपर्यंत पोचायचं तर प्रोग्रॅमिंग लागतंच.

मुलाला गोडी आहे का, हे घरीच तपासता येतं. ई-लुनाची सुरुवातीची बॅटरी दोन किलोवॅट-तासांची. एक किलोवॅट-तास म्हणजे मीटरवरचं एक युनिट. मुलाच्या हातात विजेचं बिल द्या आणि विचारा, ही गाडी पूर्ण चार्ज करायला किती रुपये लागतील? चार्जरमध्ये थोडी वीज वाया जाते, तीही धर, असं सांगा. हिशेब चुकला तरी चालेल. 'स्थिर आकार म्हणजे काय?', 'चार्जर गरम का होतो?' असे उलट प्रश्न आले, तर शाखा बिनधास्त घ्या. कंटाळून बिल बाजूला ठेवलं, तर केवळ जागा मिळतेय म्हणून ढकलू नका.

वाटा अनेक आहेत. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड, त्यातून पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. किंवा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग पदवीचं थेट दुसरं वर्ष. बारावीनंतर राज्यातल्या कॉलेजांसाठी सीईटी, एनआयटीसाठी जेईई मेन, आयआयटीसाठी जेईई अॅडव्हान्स्ड. आयआयटी हुकली म्हणून घरात सुतक धरू नका. लोणी, संगमनेर आणि कोपरगावची इंजिनिअरिंग कॉलेजं १९८३पासून जिल्ह्यात आहेत. मात्र कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीचे फोटो काढत बसू नका. थेट मशीन लॅबमध्ये जा, मोटरी खरंच फिरतात का आणि त्यांना हात मुलं लावतात की फक्त सर, एवढं पाहा. नगर आणि सुप्याच्या एमआयडीसीत एक वर्षाची अप्रेंटिसशिप मिळाली, तर ती कमी पगाराची म्हणून नाकारू नका.

आता परदेश. अमेरिकेत इलेक्ट्रिकलच्या एमएसनंतर १२ महिने आणि वाढीव २४ महिने, असं एकूण तीन वर्षं काम करता येतं. पुढच्या एच-वन-बी व्हिसाची हमी कुणीच देऊ शकत नाही, एजंट तर नाहीच. शैक्षणिक कर्जाचा हप्ता उशिरा सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. म्हणून कागदावर दोन हिशेब मांडा: तिथे नोकरी लागली तर कर्ज किती वर्षांत फिटेल, आणि परत यावं लागलं तर इथल्या पगारातून हप्ता झेपेल का? दुसरा हिशेब बसत नसेल, तर आधी इथे दोन वर्षं नोकरी करून मग जाणं शहाणपणाचं. असिस्टंटशिप मिळाली तर भार पुष्कळ हलका होतो. त्यासाठी मार्कांइतकंच महत्त्व स्वतःच्या हातानं नीट केलेल्या प्रोजेक्टला असतं.

परत येणं म्हणजे हरणं नव्हे, आणि तिकडे राहणं म्हणजे आईबापांना विसरणं नव्हे. हे वाक्य मुलांना विमानतळावर ऐकवू नका, अर्ज भरतानाच सांगा. म्हणजे कुठे राहायचं, हा निर्णय ती लाजेपोटी किंवा धाकापोटी घेणार नाहीत.