पापण्यांचा दाह : समज, गैरसमज आणि निगा

काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहातील आठवीच्या एका विद्यार्थ्याच्या पापण्या वारंवार लाल होऊन सुजत असत. सकाळी डोळे चिपडांनी चिकटलेले असत. पापण्यांच्या कडा जाड आणि केस विरळ झाले होते. ‘डोळे आले’ असे समजून आम्ही त्याचा बिछाना कोपऱ्यात मांडला, ताट-तांब्याही निराळा केला. महिना लोटला. डोळे बरे होईनात आणि मुलगा मान वर करून बोलेना. अखेर नेत्रतज्ज्ञांनी तपासल्यावर कळले, की हा एकापासून दुसऱ्याला होणारा आजार नव्हताच. आमची ती चूक इतर कोणाकडून होऊ नये, म्हणून हे लेखन.

पापणीच्या कडेला तेल स्रवणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. जर्मन वैद्य हाइनरिख मायबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले. हे तेल अश्रूंवर पातळ थर धरते, त्यामुळे डोळा लवकर कोरडा पडत नाही. तेल घट्ट होऊन ग्रंथींची तोंडे बुजली, किंवा कडेवर कोंडा व जंतू साचले, की दाह सुरू होतो. खाज, जळजळ, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. रांजणवाडी पुन्हा पुन्हा होते. कधी न दुखणारी गाठ राहते, कधी केस गळतात किंवा आत वळून बुबुळाला टोचतात.

डोळे येतात तेव्हा डोळ्याचा पांढरा भाग लाल होतो, साथ पसरते आणि बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते. पापण्यांचा दाह मात्र कडेवर असतो, बहुधा दोन्ही डोळ्यांना होतो आणि परतून येतो. तो मुळापासून जाईलच असे नाही. परंतु रोजच्या निगेने आटोक्यात राहतो.

ही निगा सोपी आहे. हात धुऊन, स्वच्छ कापड सोसवेल इतक्या कोमट पाण्यात भिजवून पिळावे आणि मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे. निवाले की पुन्हा भिजवावे. नंतर वरची पापणी वरून खाली व खालची खालून वर, केसांच्या दिशेने हलकेच चोळावी. शेवटी उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून कडा पुसाव्यात. दाह असताना हे दिवसातून दोनदा, ओसरल्यावर एकदा करावे. डोक्यातील कोंड्यावर उपचार करावेत. काजळ आणि चुलीचा धूर टाळावा. लवंग उगाळून लावणे किंवा रांजणवाडी पिळणे घातक आहे. औषधांच्या दुकानातून स्वतःच आणलेले स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ घातल्यास काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो.

नजर अंधुक झाली, प्रकाश सोसेना किंवा तीव्र वेदना झाल्या, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. वडीलधाऱ्यांच्या पापणीवर एकाच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल आणि तेथील केस गळत असतील, तर तपासणीस विलंब करू नये. क्वचित ती कर्करोगाची गाठ असू शकते.

विनयपिटकातील महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. सोबत्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले आणि मग भिक्खूंना एकमेकांची शुश्रूषा करण्यास सांगितले. आपल्याच जिल्ह्यातील महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यांचा वारसा सांगणाऱ्या आपण, न समजलेल्या आजारापायी एका मुलाचा तांब्या वेगळा ठेवला, हे आम्हांला आजही सलते.

आता वसतिगृहात प्रत्येकाचा पंचा स्वतंत्र आहे. तो नियम सर्वांना सारखा आहे. बिछाना मात्र कोणाचाही कोपऱ्यात नाही. त्या विद्यार्थ्याची आम्ही वर्गासमोर क्षमा मागितली. पालकांनो, मुलाच्या पापण्या लाल दिसल्या तर आधी त्याला जवळ बसवा, डोळे नीट पाहा आणि मग डॉक्टरांकडे न्या.