संगणक बंद होत नाही? पैसे मोजण्याआधी हे करून पाहा

‘शट डाउन’ दाबलं, स्क्रीन काळी झाली, पण पंख्याची घरघर चालूच आणि बटणावरचा दिवा काही विझत नाही. अशा वेळी अनेक जण थेट दुकान गाठतात आणि ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे ऐकून पैसे देऊन येतात. विंडोजच्या संगणकात या दुखण्याचं मूळ अनेकदा सेटिंग किंवा ड्रायव्हरमध्ये असतं. म्हणून आधी फुकटचे उपाय, मग खर्च.

खर्च शून्य

● स्क्रीनवर अपडेट चालू असल्याचं दिसत असेल तर थांबा. मध्येच वीज तोडली तर विंडोज बिघडू शकतं. पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरणं हा नाइलाजाचा उपाय आहे. ती सवय लागली तर फाइली खराब होण्याचा धोका असतो.

● प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क काढून पुन्हा बंद करून पाहा.

● शिफ्टची कळ दाबून धरा आणि ‘शट डाउन’ करा. आता नीट बंद झाला तर संशय ‘फास्ट स्टार्टअप’वर घ्या. विंडोज 8 पासून आलेल्या या सोयीत सिस्टमचा गाभा आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर साठवली जाते, म्हणजे पुढच्या वेळी संगणक लवकर सुरू होतो. एखादा ड्रायव्हर इथे अडला की बंद होणंही अडतं. कंट्रोल पॅनलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, त्यात ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ उघडा. ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’वर क्लिक करून ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा आणि सेव्ह करा.

● तरीही पंखा फिरतच राहिला तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्याच वेबसाइटवरून चिपसेटचा ड्रायव्हर घ्या. इंटेलच्या संगणकावर ‘मॅनेजमेंट इंजिन’चा ड्रायव्हरही घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणारी सॉफ्टवेअर विकत घेऊ नका.

दुकानात जायची वेळ आली तर

वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीचं अधिकृत केंद्र गाठा. वॉरंटी संपली असेल तर तपासणीचे आणि दुरुस्तीचे पैसे वेगवेगळे विचारा. विंडोज नव्याने टाकण्याची मजुरी शहर आणि दुकानानुसार साधारण 500 ते 1,000 रुपये पडते. डेटाचा बॅकअप त्यात धरला आहे का, हे आधीच ठरवा. शक्यतो तो घरीच काढून ठेवा. मूळ विंडोज अस्सल आणि ॲक्टिव्हेट केलेलं असेल, तर त्याच मदरबोर्डवर तीच आवृत्ती पुन्हा टाकायला सहसा नवं लायसन्स लागत नाही. त्याचे वेगळे पैसे मागितले तर कारण विचारा. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) किंवा मदरबोर्ड बदलायचा म्हणाले तर लेखी अंदाजपत्रक, पक्कं बिल आणि काढलेला जुना भाग मागून घ्या.

फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणात तक्रारीला शुल्क नाही, मात्र बिल जपून ठेवलेलं हवं.