‘ओळखा बघू, मी कोण?’

चि. मुग्धा,



अण्णांचा न्यूमोनिया बरा झाला, ऑक्सिजनही सुटला. पण सकाळची गोळी घेतली का ते त्यांना आठवत नाही, पेन्शनचा हिशोब जुळत नाही आणि वर्तमानपत्राचं एकच पान तासभर हातात असतं. फोनवर तू विचारलंस, हा स्मृतिभ्रंश सुरू झाला का? एवढ्यात तो शिक्का मारू नकोस. आणि ‘वय झालं, चालायचंच’ असं म्हणून सोडूनही देऊ नकोस.

व्हेंटिलेटरवर असताना ते नळ्या ओढत होते, घशातली नळी निघाल्यावर नर्स विष घालते म्हणत होते, तो डिलिरियम, म्हणजे गंभीर आजारात उडणारा मनाचा गोंधळ. आम्हा आयसीयूतल्या सिस्टरांना तो नित्याचा. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात. डिलिरियममध्येच गप्प पडून राहिलेला मात्र ‘शांत आहे हो’ म्हणून नजरेतून सुटतो, आणि असेच जास्त असतात. अमेरिकेत नॅशव्हिलला व्हँडरबिल्ट विद्यापीठाने आयसीयूत दाखल झालेल्या ८२१ रुग्णांचा अभ्यास केला. २०१३ साली तो छापून आला, त्यावर पहिलं नाव प्रतीक पंढरीपांडे यांचं आहे. चारातल्या जवळजवळ तिघांना डिलिरियम झाला होता. घरी गेल्यावर तीन महिन्यांनी तपासलेल्यांपैकी ४० टक्क्यांची बुद्धी डोक्याला बऱ्यापैकी मार लागलेल्या माणसाइतकी मंदावलेली होती; वर्षाने ३४ टक्क्यांची. त्यात तरुणही होते. डिलिरियम जितका लांबला, तितकं मागे राहिलेलं नुकसान जास्त. म्हणजे काहींचं सुधारतं, पण महिन्यांच्या हिशोबाने, आणि सगळ्यांचं पूर्ण सुधारतंच असं नाही. हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेव.

आता खरी कटकट, भेटायला येणारे. प्रत्येक जण खुर्ची ओढून ‘ओळखा बघू, मी कोण?’ असं विचारतो. बंद कर हे. नाव आठवलं नाही की माणूस ओशाळतो आणि पुढे बोलायचंच टाळतो. पाहुण्यांना दारातच सांग, आत गेल्यावर आधी आपलं नाव घ्यायचं. वाईटपणा आला तर येऊ दे.

विषाची गोष्ट ते अजून सांगतात ना? वाद घालू नकोस, हसू तर मुळीच नकोस. ती त्यांनी भोगलेली आहे. डेन्मार्क-स्वीडनकडे आयसीयूतल्या नर्स रुग्णासाठी रोजनिशी लिहून ठेवतात, शुद्धीवर आल्यावर ती त्याला देतात. तुझ्याकडे त्या दिवसांचे घरच्या ग्रुपवरचे मेसेज असतीलच. नळी कधी घातली, कधी काढली, कोण कोण येऊन गेलं, हे त्यातून एका वहीत उतरवून काढ. त्यांनी विचारलं तरच वाच.

चष्मा आणि कानाचं यंत्र सकाळी उठल्या उठल्या लावायला दे. नीट न दिसण्या-ऐकण्यानेही गोंधळ वाढतो. दिवसा चालू-फिरू दे, दुपारची झोप आवर. रात्री झोप येत नाही म्हणून मेडिकलवाल्याकडून गोळी मात्र आणू नकोस. झोपेच्या काही गोळ्यांनी डोकं आणखी गढूळ होतं. कामं खरी सांग, पण एका वेळी एकच: भाजी निवडणं, दुधाचा हिशोब. चुकला हिशोब तर चुकू दे.

एका बाबतीत मात्र कडक राहा. बँकेचे, जागेचे कागद सहीसाठी तूर्त त्यांच्यासमोर ठेवायचे नाहीत, कुणीही कितीही घाई केली तरी.

पुढच्या तपासणीला नुसता एक्स-रे दाखवून परतू नकोस. डिलिरियम किती दिवस होता आणि घरी आल्यापासून काय काय अडतं, हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात दे. स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या असं स्पष्ट सांग, आणि काही महिन्यांनी ती पुन्हा करायला लाव.

तुझी,
मावशी